शब्दांची खानेसुमारी

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे सर्वनामांच्या गुप्त जीवनाविषयीचे इंग्रजी पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्या देशात शिरगणती झाली आणि गोव्यातील घरोघरी प्रगणक मातृभाषेचा प्रश्न घेऊन गेले. या दोन घटनांचा परस्परांशी वरकरणी काहीच संबंध नाही. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे, ती ही की माणसांचे शब्द मोजले म्हणजे माणसांचे वर्तन कळते. माहितीच्या मोठमोठ्या राशींतून नियम शोधणाऱ्या शास्त्रास अलीकडे विदाविज्ञान म्हणतात, आणि त्याच्या भाषाविषयक शाखेचा सारा डोलारा या श्रद्धेवर उभा आहे. ती कितपत खरी आहे, आणि डिचोली-पेडण्याकडील आम्हा जुन्या मराठी घराण्यांच्या बाबतीत तिचा अनुभव काय, एवढेच येथे तपासून पाहावयाचे आहे.

पेनेबेकर यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणत्याही भाषेत शब्दांचे दोन वर्ग असतात. घर, पाऊस, कर्ज, लग्न हे अर्थाचे ओझे वाहणारे शब्द. आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी सर्वनामे व अव्यये हे दुसरे. इंग्रजीत दुसऱ्या वर्गातील शब्द एकूण शब्दसंग्रहाच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी आहेत. मात्र प्रत्यक्ष वापरात ते जवळजवळ ६० टक्के जागा व्यापतात. पहिल्या वर्गातील शब्द आपण निवडून वापरतो, दुसऱ्या वर्गातील शब्द आपल्या नकळत येतात; म्हणूनच माणसाचा स्वभाव, त्याचा दर्जा, त्याच्या मनाची अवस्था त्यांतूनच अधिक उघड होते. पत्रे, निबंध, संभाषणे संगणकाला देऊन त्यांनी हे शब्द मोजले. दोघांच्या पत्रव्यवहारात जो कनिष्ठ, तो 'मी' अधिक वेळा लिहितो आणि वरिष्ठ कमी वेळा, असे त्यांना आढळले. खिन्न मनाच्या माणसाच्या लेखनातही 'मी'चे प्रमाण वाढते, असेही त्यांनी नोंदले. आपला अनुभव याच्या उलट असेल असे प्रथमदर्शनी वाटते, कारण 'मी, मी' करणारा तो अहंकारी, अशी आपली समजूत असते. मोजणीने ती खोटी ठरविली, हे या पुस्तकाचे श्रेय आम्हांला मान्य आहे.

मोजणीची ही वाट नवी नाही. जॉर्ज झिफ यांनी १९४९ साली कमीतकमी श्रमाचे तत्त्व मांडताना शब्दांच्या वारंवारतेतच मानवी वर्तनाचा नियम शोधला होता. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या बारा वादग्रस्त निबंधांचा लेखक किरकोळ शब्दांच्या प्रमाणावरून ठरविला, आणि तो मॅडिसन निघाला. आपल्याकडेही अशी दृष्टी अगदीच अनोळखी नव्हती. ज्ञानेश्वरीकार ज्ञानेश्वर आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष, असा पक्ष 'भारद्वाज' या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला; त्यांच्या पुराव्यांत दोन्ही वाङ्मयांच्या भाषेतील फरकालाही स्थान होते. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीच्या मराठीचे व्याकरण सिद्ध केले, ते शब्दांची रूपे एकेक करून वेचूनच. त्यांच्यापाशी संगणक नव्हता, परंतु भाषा मात्र पूर्णपणे हाती होती. आजच्या मोजणीत पुष्कळदा याच्या नेमके उलटे असते, आणि आमचा पहिला आक्षेप तेथेच आहे.

इंग्रजीत 'मी' म्हटल्यावाचून वाक्य चालत नाही. मराठीत ते खुशाल चालते. 'जेवलो', 'उद्या येते', 'सांगतो थोड्या वेळाने' या वाक्यांत बोलणारा आहे, तो पुरुष की स्त्री हेही आहे, आणि तरी 'मी' कोठेच नाही. कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययात जाऊन बसला आहे. म्हणून मराठीत उघड उच्चारलेला 'मी' बहुधा काही जोर दाखविण्यासाठी येतो: 'मी सांगतो ना', 'मी नाही गेलो'. इंग्रजीत ज्या शब्दाची वारंवारता नम्रतेची खूण ठरली, तोच शब्द मराठीत मोजला तर त्याचा अर्थ वेगळा निघण्याचा संभव आहे. शिवाय 'मला वाटते', 'मला ताप आला', 'माझ्या हातून पेला फुटला' या रचनांत बोलणारा असूनही कर्त्याच्या जागी नाही. पेला फोडणारा माणूस 'पेला फुटला' एवढेच म्हणून स्वतःला वाक्याबाहेर काढतो. जबाबदारी अंगाबाहेर टाकण्याची ही घरोघरची रीत सर्वनामांच्या मोजणीत कशी सापडावी? संगणक शब्द ओळखतो तो दोहोंमधील मोकळ्या जागेवरून. आपले विभक्तिप्रत्यय आणि 'च', 'ही' ही अव्यये शब्दाला चिकटून येतात. 'मीच', 'मलाही', 'माझ्याकडूनच' हे त्याला तीन निराळे शब्द वाटतात, आणि त्यांतील हट्ट, तक्रार वा कबुली त्याच्या हातून निसटते. ही संधी सोडविण्याची साधने मराठीसाठी आज आहेत. परंतु कोठे सोडवावे हे भाषा जाणणाऱ्यानेच सांगावे लागते.

मराठी घरातील वर्तन मोजावयाचे तर 'मी'पेक्षा 'तू' आणि 'तुम्ही' मोजणे अधिक फलदायी ठरेल. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातील भाषांसंबंधी दाखविले, की द्वितीयपुरुषी सर्वनामाच्या दोन रूपांत सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे नांदत असतात. आपल्या घरांत ही गोष्ट कोणास सांगावी लागत नाही. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही'. 'आई आली' परंतु 'बाबा आले'. नवऱ्याची बायकोला 'अगं' आणि बायकोची नवऱ्याला 'अहो'. ज्या माउलीवर सर्वांत अधिक प्रेम, तिला एकवचन. ज्यांचा धाक, त्यांना बहुवचन. आता शहरांतील पुष्कळ घरांत मुले बापाला 'अरे बाबा' म्हणतात आणि नवराबायको परस्परांना नावाने हाक मारतात. हा पालट कोणत्या दशकात, कोणत्या थरात, कोणत्या गावी आधी झाला, हे घरोघरच्या पत्रांवरून खरोखरीच मोजता येईल, आणि कुटुंबातील अधिकाराचा तो खरा इतिहास ठरेल. अशी मोजणी आम्हांला हवी आहे.

आणखी एक उदाहरण आमच्याच मुलखातले आहे. कोकणीत लहान मुलीविषयी किंवा वयाने धाकट्या स्त्रीविषयी नपुंसकलिंगी रूप वापरतात. धाकटी असेल तर 'तें आयलें', वडीलधारी असेल तर 'ती आयली'. या एका प्रत्ययात वय, नाते आणि जिव्हाळा या तिन्ही गोष्टी आहेत. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीवर घडविलेल्या यंत्राला हेच वाक्य दिले, तर त्याला त्यात माणूस दिसेल की वस्तू, याची शंकाच आहे. यंत्राला एखादे रूप ओळखता आले नाही म्हणून त्या रूपामागचे वर्तन नाहीसे होत नाही. ते केवळ मोजणीच्या बाहेर राहते. आणि जे मोजणीच्या बाहेर राहते ते पुढे नव्हतेच असे धरले जाते, ही खरी भीती आहे.

येथून आम्ही २०११ च्या दुसऱ्या घटनेकडे, म्हणजे शिरगणतीकडे वळतो. गोव्यात मराठी ही मातृभाषा सांगणारांचे प्रमाण १९९१ साली सुमारे ३३ टक्के होते. २००१ साली ही संख्या ३,०४,२०८, म्हणजे साडेबावीस टक्क्यांच्या आसपास आली. २०११ साली ती १,५८,७८७, म्हणजे ११ टक्क्यांहूनही किंचित कमी झाली. दहा वर्षांत मराठी सांगणारे १,४५,४२१ लोक कमी झाले. इतकी माणसे दहा वर्षांत गोवा सोडून गेली नाहीत, की कोणत्या साथीत दगावली नाहीत. त्याच काळात कोकणी सांगणारांची संख्या ७,६९,८८८ वरून ९,६४,३०५ झाली, म्हणजे १,९४,४१७ ने वाढली. आणि राज्याची एकूण लोकसंख्या वाढली ती अवघी १,१०,८७७ ने. एकूण वाढीहून एका भाषेची वाढ मोठी असणे हे केवळ जन्ममृत्यूंच्या हिशेबात बसत नाही. माणसे बहुतांशी तीच होती. त्यांचे उत्तर बदलले, असेच यावरून अनुमान निघते.

या आकड्यांवर आपल्या बाजूने खेद आणि दुसऱ्या बाजूने हर्ष व्यक्त करण्याची चाल पडली आहे. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात, कारण दोन्ही पक्ष आकड्याला बोलीचा आकडा समजतात. शिरगणतीच्या नियमाप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आईने त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलणे केले ती. या व्याख्येला प्रामाणिक राहावयाचे तर आपल्यापैकी अनेक घराण्यांना १९९१ सालीही 'मराठी' असे निःशंकपणे सांगता आले असते काय, हा प्रश्न आपणच आपणांस विचारला पाहिजे. चुलीपाशी आई ज्या बोलीत बोलली ती आणि जिच्यात तिने आरत्या म्हटल्या ती, या दोन्ही एक नव्हत्या. तेव्हाचे ३३ टक्के हेही एक निवेदन होते आणि नंतरचे ११ टक्के हेही निवेदनच आहे. १९६७ चा जनमतकौल, १९८७ चा राजभाषा कायदा आणि १९९२ साली कोकणीचा आठव्या परिशिष्टात झालेला समावेश, या साऱ्यांतून गेलेला माणूस जेव्हा प्रगणकाला उत्तर देतो, तेव्हा तो आपण कोण आहोत, किंवा कोण म्हणून ओळखले जावे, हे सांगत असतो. ते उत्तर खोटे नव्हे. परंतु ते बोलण्याचे मोजमाप नव्हे.

याला बळकटी देणारी एक गोष्ट आमच्या मराठीप्रेमी मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. साऱ्या भारतात कोकणी सांगणारे २००१ साली २४,८९,०१५ होते. २०११ साली ते २२,५६,५०२ झाले. गोव्यात कोकणी वाढत असता देशात ती घटली. गोवा वगळून हिशेब केला तर ही घट सव्वाचार लाखांहून अधिक भरते. म्हणजे गोव्यात मराठीचे जे झाले, ते गोव्याबाहेर कोकणीचे झाले. राज्याची जी भाषा तिच्याकडे लोकांची उत्तरे झुकतात, असा कल यात दिसतो, आणि तो एका भाषेचा पराभव वा दुसरीचा विजय नसून माणसाच्या सावधपणाचे एक नित्य वर्तन आहे. त्यातच वर्गीकरणाची भर पडते. २०११ साली लोकांनी सांगितलेली भाषानामे १९,५६९ होती. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा आणि अखेर १२१ भाषा उरल्या. २००१ च्या तक्त्यात मालवणी ही कोकणीखाली धरलेली आहे. लाटंबार्से हे आमचे गाव दोडामार्गाला लागून आहे. मध्ये राज्याची हद्द आहे, बोलण्याची नाही. हद्दीपलीकडचा सोयरा 'मालवणी' म्हणाला तर तो कोकणीच्या रकान्यात, 'मराठी' म्हणाला तर मराठीच्या. त्याच्या तोंडची भाषा दोन्ही वेळा तीच असते.

खरे पाहता येथल्या माणसाचे भाषिक वर्तन एका रकान्यात मावावे असे कधीच नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते मराठीत. आणि त्यांच्याच हातचे येथल्या लोकभाषेचे पोर्तुगीज व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले, ते कोकणीचे. एकाच विद्वानाने पुराणासाठी एक भाषा निवडली आणि बोलण्याच्या शिक्षणासाठी दुसरी. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली अरबी, ग्रीक इत्यादी समाजांच्या निरीक्षणावरून जे दाखविले, की एकाच समाजात जवळची दोन भाषारूपे कामे वाटून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकतात, त्याच्याशी जुळणारी वहिवाट या भूमीत त्याआधी साडेतीनशे वर्षे चालू होती. कीर्तन, आरती, उत्सवातील नाटक, वृत्तपत्र, लग्नपत्रिका मराठीत; बाजार, शेत, शेजार कोकणीत वा सीमेवरच्या आपल्या बोलीत; कचेरी आधी पोर्तुगीजमध्ये आणि आता इंग्रजीत. ज्या घरात ही सारी एका दिवसात वापरली जातात, त्या घराला एकच भाषा विचारणे म्हणजे जेवणाऱ्याला 'भात की आमटी' असे विचारण्यासारखे आहे.

तेव्हा पेनेबेकर यांची रीत आणि शिरगणतीची रीत यांतील भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. शिरगणती विचारते, म्हणून तिला निवेदन मिळते. शब्दमोजणी विचारत नाही. आपण सहज लिहून-बोलून गेलेले शब्द ती वेचते, म्हणून तिला सवय सापडते. वर्तन जाणण्यासाठी दुसरी रीत अधिक भरवशाची, यात शंका नाही. मात्र तिच्या दोन अटी आहेत. एक, भाषेचे सांधे मोजणाऱ्याला ठाऊक असले पाहिजेत. दुसरी, मोजण्यासाठी शब्द जतन केलेले असले पाहिजेत. आणि न विचारता वेचणे म्हणजे अनेकदा संमतीवाचून वेचणे, हेही विसरून चालणार नाही. हातातल्या फोनवर आपण जे लिहितो ते परक्यांच्या हिशेबात जाते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात करावा लागला तो उगाच नव्हे.

दुसरी अट आमच्या दृष्टीने निकडीची आहे. आजची भाषायंत्रे जे लिहिलेले सापडते त्यावर पोसली जातात. मोठ्या भाषांचे लिखाण त्यांना अफाट मिळते, मराठीचे त्या मानाने थोडे, आणि सीमेवरच्या आमच्या मराठीचे तर अगदीच अल्प. उद्या 'गोव्यातील मराठी घराण्यांचे वर्तन' असा कोणी शोध घेतला, तर त्याच्या हाती शिरगणतीचा एक रकाना लागेल आणि दुसरे काही लागणार नाही. २०२१ ची शिरगणती त्या साली झाली नाही. २०२७ ची जाहीर झाली असून तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरलेला आहे. त्या वेळी कोणी काय सांगावे याचा उपदेश आम्ही करीत नाही. व्याख्या वाचावी आणि जे खरे असेल ते सांगावे, आणि मातृभाषेपुढे अवगत असलेल्या इतर भाषांचा जो रकाना असतो तो रिकामा सोडू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. पहिल्या रकान्यावर आपण जितके भांडलो, तितकेच या दुसऱ्या रकान्याकडे दुर्लक्ष केले. आणि आपल्या जगण्याचे खरे प्रतिबिंब तर दोन्ही मिळूनच पडते.

शिरगणतीहून विश्वसनीय अशी एक खानेसुमारी मात्र आपल्या हाती आहे. जुन्या घरांच्या पेट्यांतून लग्नपत्रिका असतात, मुंबईस नोकरीला गेलेल्या मुलांची पत्रे असतात, कीर्दखतावण्या, देवस्थानचे जमाखर्च, नाटकांच्या हस्तलिखित वह्या असतात. हे लिहिताना कोणी कोणास भाषा विचारली नव्हती. पत्रिकेची भाषा कोणत्या साली बदलली? मुलाने बापाला 'तीर्थरूप' लिहिणे केव्हा सोडले? आईच्या पत्रात मायना मराठी आणि मजकुरात घरची बोली, असे कोठे आढळते? जमाखर्चात पोर्तुगीज शब्द किती दिवस टिकले? तीन पिढ्यांचे कागद सालवार लावले, कोणी कोणास लिहिले त्याची नोंद ठेवली आणि घरच्यांच्या संमतीने त्यांतील शब्द मोजले, तर आपण खरोखर कसे जगलो हे दिसेल. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. शाळेतला मुलगाही रकाने आखून ते करू शकेल, परंतु कोणत्या शब्दाला कोणता अर्थ हे सांगण्यासाठी त्याच्या शेजारी आजीला बसावे लागेल.

पेनेबेकर यांचे पुस्तक वाचनीय आहे आणि त्यांची मूळ सूचना, लहान शब्दांकडे पाहा, ही आम्ही कृतज्ञतेने स्वीकारतो. तिचा उपयोग मात्र त्यांच्या निष्कर्षांची मराठी आवृत्ती काढण्यात नाही. आपल्या लहान शब्दांचा शोध आपणच घ्यावयाचा आहे, आणि तोही लवकर, कारण पेट्यांतील कागद दर पावसाळ्यात थोडे थोडे कसरीच्या पोटात जात आहेत.